कन्सोल घेणारा, कन्सोलचा मालक आणि खेळणारा एकच असतो का? वय आणि स्त्री-पुरुष प्रमाणाविषयी एक शंका

प्रश्न : वाणिज्य_तिसरे_वर्ष

मी मुंबईतील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. प्रकल्पासाठी मी ‘व्हिडिओ गेम कन्सोलचे (म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचे) ग्राहक : वय आणि लिंग’ हा विषय घेतला, कारण दादरला माझ्या मामांचे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकान आहे आणि तिथे बसून नोंदी करण्याची सोय आयतीच होती. दिवाळीच्या आधीचे सहा शनिवार-रविवार मी गल्ल्याशेजारी वही घेऊन बसले आणि कन्सोल घेणाऱ्याचे अंदाजे वय, ती स्त्री की पुरुष, आणि सोबत कोण आले होते, एवढे लिहीत गेले.

वहीतून जे दिसले ते असे : स्त्री ग्राहक एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, आणि वयाचे दोन वेगळे गठ्ठे. एक गठ्ठा विशीच्या आसपासच्या, दोन-तीन मित्रांना घेऊन येणाऱ्या मुलांचा, तर दुसरा चाळिशीतल्या, शाळकरी मुलाला सोबत घेऊन येणाऱ्या वडिलांचा. तिशीतले ग्राहक त्या मानाने फारच थोडे.

त्यानंतर मी परदेशी आकडेवारी वाचायला घेतली आणि गोंधळले. अमेरिकेतील एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशन या उद्योगसंघटनेच्या २०१४ च्या अहवालात खेळणाऱ्यांपैकी ४८ टक्के स्त्रिया आहेत आणि सरासरी वय ३१ वर्षे आहे. त्याच अहवालानुसार प्रौढ स्त्रियांचा वाटा ३६ टक्के, तर किशोरवयीन आणि त्याहून लहान मुलग्यांचा केवळ १७ टक्के. सोनीने २०२१ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितले की प्लेस्टेशन ४ आणि ५ हे तिचे कन्सोल बाळगणाऱ्यांत ४१ टक्के स्त्रिया आहेत, आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या काळात हेच प्रमाण १८ टक्के होते.

मार्गदर्शक सर म्हणतात की एक तर माझी पाहणी सदोष आहे, किंवा मुंबई अमेरिकेहून वेगळी आहे, असा निष्कर्ष मी लिहावा. मला दोन्ही पटत नाही. दुकानात जे डोळ्यांनी पाहिले ते खोटे नाही, आणि हे आकडेही कोणी हवेतून काढलेले नसावेत. मग तफावत नेमकी कुठे पडते?

प्रतिसाद १ : आकडेमोड

तुमची पाहणी सदोष नाही. तुम्ही एक गोष्ट मोजलीत आणि अहवालांनी दुसरीच मोजली, इतकेच. आपल्याकडे म्हण आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. तुमच्या वहीत ज्याच्या हाती खोके तो ग्राहक झाला आहे.

असोसिएशनचा ४८ टक्क्यांचा आकडा कन्सोल घेणाऱ्यांचा नाहीच. तो खेळणाऱ्यांचा आहे, आणि त्यात फोनवर खेळणारेही येतात. लोकलमध्ये रंगीत गोट्या जुळवत बसलेली बाई त्या हिशोबात खेळाडू ठरते, पण तुमच्या मामांच्या दुकानाची पायरी ती कधी चढलेलीही नसते. त्यामुळे तो आकडा तुमच्या वहीशेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे बसचे प्रवासी आणि बस विकत घेणारे यांची तुलना करण्यासारखे आहे.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेची २०१५ ची पाहणी तुम्ही अवश्य वाचा, कारण तिथे एकाच संस्थेने एकाच वर्षी तीन निरनिराळे प्रश्न विचारले आणि तीन निरनिराळी चित्रे समोर आली. ‘तुम्ही खेळता का’ या प्रश्नाला ५० टक्के पुरुषांनी आणि ४८ टक्के स्त्रियांनी होकार दिला, म्हणजे जवळपास बरोबरी. ‘तुम्ही स्वतःला गेमर म्हणवता का’ असे विचारताच पुरुष १५ टक्क्यांवर आणि स्त्रिया ६ टक्क्यांवर आल्या. आणि कन्सोल बाळगण्याच्या प्रश्नावर स्त्रियाच पुढे निघाल्या : ४२ टक्के स्त्रिया, ३७ टक्के पुरुष. मुलांच्या आईला ‘तुमच्याकडे कन्सोल आहे का’ असे विचारले तर ती ‘आहे’ म्हणणारच, मग तिने त्याला कधी हात लावलेला असो वा नसो. त्यामुळे ‘बाळगणे’ या शब्दात घर येते, माणूस येतोच असे नाही. सोनीचा ४१ टक्क्यांचा आकडाही याच ‘बाळगणे’ या रकान्यातला आहे, शिवाय तो विकणाऱ्या कंपनीने गुंतवणूकदारांपुढे मांडलेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा.

आता वयाकडे येतो. असोसिएशनच्या अहवालांत खेळणाऱ्याचे सरासरी वय २००४ मध्ये २९ होते आणि २०२४ मध्ये ३६ होते. ज्यांनी लहानपणी खेळायला सुरुवात केली त्यांनी मोठेपणी ते सोडले नाही, हे त्यामागचे साधे कारण. पण २००८ च्या अहवालात एक अधिक उपयोगी जोडी आहे : खेळणाऱ्याचे सरासरी वय ३५ आणि वारंवार खरेदी करणाऱ्याचे ४०. खेळणारा आणि पैसे मोजणारा यांत पाच वर्षांचे अंतर तिथेही होतेच.

एक विनंती. तुमच्या वहीतील वयांची सरासरी काढू नका. विशीचा एक गठ्ठा आणि चाळिशीचा दुसरा यांची सरासरी तिशी येईल, आणि तुमच्याच नोंदीनुसार तिशीतले लोक दुकानात फारसे आलेलेच नाहीत. जो ग्राहक कधी आलाच नाही, तो तुमच्या प्रकल्पात ‘सरासरी ग्राहक’ म्हणून मिरवेल. दोन्ही गठ्ठे वेगवेगळे दाखवा.

प्रतिसाद २ : जुना_दुकानदार

मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तीस वर्षे धंदा केला, आता मुलगा बघतो. वरील सद्गृहस्थांनी आकड्यांचे सांगितले ते योग्यच आहे. मी गल्ल्यामागून दिसलेले सांगतो.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे जे खपायचे ते जपानी यंत्राच्या नकला होत्या. मीडिया, लिटल मास्टर अशी नावे, पिवळी किंवा काळी कॅसेट, आणि तिच्यावर ‘९९९९ इन वन’ असे ठोकून दिलेले. ते खेळणे होते आणि खेळण्यासारखेच विकले जाई. मे महिन्याची सुट्टी लागली की आई मुलाला घेऊन येई, घासाघीस करी आणि पदराच्या गाठीचे पैसे मोजून देई. त्या काळी तुम्ही वही घेऊन बसला असतात तर ‘कन्सोलचा ग्राहक म्हणजे पस्तिशीची गृहिणी’ असा निष्कर्ष निघाला असता! खेळायचा मात्र तिचा मुलगाच.

पुढे किंमत बदलली आणि माणूस बदलला. जानेवारी २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ भारतात आला तो ३९,९९० रुपयांना, आणि २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ आला तो ४९,९९० रुपयांना. त्यात जीएसटी लागू झाला तेव्हा कन्सोलला २८ टक्क्यांच्या गटात बसवले होते. इतकी रक्कम पदराच्या गाठीतून निघत नाही. ती बोनसमधून, हप्त्यांवर किंवा पहिल्या नोकरीच्या पगारातून निघते, आणि तुमचे दोन गठ्ठे नेमके तिथेच तयार होतात. विशीतला मुलगा स्वतःचा पगार घेऊन येतो किंवा मित्रांसोबत वर्गणी काढतो, आणि चाळिशीतला बाप दहावीच्या निकालाचा शब्द पाळायला येतो. तिशीतल्या माणसाचे पैसे घराच्या हप्त्यात आणि मुलाच्या बालवाडीच्या फीमध्ये अडकलेले असतात.

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच हा कन्सोल आमच्याकडे रीतसर मार्गाने आलाच नाही, तो बाहेरून आणलेला विकला जातो. त्यामुळे ज्या यंत्राकडे कुटुंबे आणि मुली अधिक वळतात, ते मुंबईच्या बहुतेक दुकानांच्या अधिकृत बिलांत दिसत नाही. हाही तुमच्या पाहणीतील एक खड्डा समजा.

आणखी एक. दुकानात पुरुष एकटा उभा असला तरी सौदा पक्का होण्याआधी तो बाहेर जाऊन फोन करतो. ‘महिन्याला किती पडतात’ हा प्रश्न फोनवरून येतो आणि त्याचे उत्तर आम्ही त्याच्यामार्फत देतो. तो फोन तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात जाईल?

प्रश्नकर्ती : वाणिज्य_तिसरे_वर्ष

फोनचा प्रकार मीही पाहिला होता, पण तो नोंदवण्यासारखा आहे हे सुचले नाही. काका, मनापासून आभार. तरीही एक शंका उरते. विकत घेणाऱ्यांत स्त्रिया कमी, हे आता समजले. पण घरात यंत्र आल्यावर तरी मुली आणि स्त्रिया बरोबरीने खेळतात का? माझ्या मैत्रिणींपैकी फोनवर सगळ्या खेळतात, कन्सोलवर जवळजवळ कोणीच नाही.

प्रतिसाद ३ : मुलुंडची_वाचक

मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि बँकेत नोकरी करते. इथे कधी लिहीत नाही, पण हा धागा माझ्याच घराविषयी चालला आहे असे वाटल्याने राहवले नाही.

आमच्याकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. टीव्ही एकच, बाहेरच्या खोलीत. कन्सोल त्या टीव्हीखाली आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी तो माझ्या बोनसमधून, माझ्या कार्डावर हप्ते करून घेतला, आणि मला सुट्टी नसल्यामुळे आणायला हे गेले. म्हणजे त्या दुकानात तुमच्यासारखी कोणी वही घेऊन बसलेली असती, तर तिने ‘पुरुष, पन्नाशीच्या जवळ’ असे लिहिले असते. घरात कन्सोलवर खेळण्याचे खाते उघडले मुलाने, स्वतःच्या नावाने. रात्री साडेदहाला तो झोपायला गेला की मी तासभर शेती आणि स्वयंपाकाचे खेळ खेळते, त्याच्याच खात्यातून, कारण माझ्यासाठी निराळे खाते करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही, माझ्यासुद्धा. त्यामुळे दुकानाच्या हिशोबात मी नाही आणि कंपनीच्या हिशोबात मी सोळा वर्षांचा मुलगा आहे. वर उल्लेखलेल्या अमेरिकी संस्थेने फोन केला असता, तर मात्र मी ‘होय, आमच्याकडे कन्सोल आहे’ असे सांगून स्त्रियांची टक्केवारी वाढवली असती.

तुमच्या मैत्रिणींबद्दल. फोन हा ज्याचा त्याचा असतो आणि टीव्ही घराचा असतो, हे उत्तराचे मूळ आहे असे मला वाटते. बाहेरच्या खोलीतला टीव्ही संध्याकाळी सासूबाईंच्या मालिकांचा, आठनंतर बातम्यांचा, आणि मॅच असली तर मॅचचा. त्यातून उरलेला वेळ घरात जो हट्ट करू शकतो त्याला मिळतो, आणि हट्ट करण्याची मुभा मुलीपेक्षा मुलाला अधिक असते, हे आपण आपल्याच घरांत पाहतो. माझ्या भाचीला खेळायची आवड आहे, पण ती ‘दादा क्लासला गेला की’ खेळते. मोठ्या घरात निराळ्या खोलीत निराळा टीव्ही असेल, तर हे चित्र बदलत असावे. मुंबईत अशी घरे किती जणांची?

प्रतिसाद ४ : आकडेमोड

मुलुंडच्या ताईंनी जे लिहिले, त्याला पुष्टी देणारा एक जुना आकडा आहे. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने १९९५ मध्ये जाहीर केले की गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर खेळणाऱ्यांत ४६ टक्के मुली आणि स्त्रिया आहेत. त्याच कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर मात्र हे प्रमाण पहिल्या यंत्रासाठी २९ टक्के आणि त्यानंतरच्या यंत्रासाठी १४ टक्के होते. कंपनी एक, देश एक, आणि नाव तर चक्क ‘बॉय’! तरीही टीव्हीची अडचण दूर होताच जवळपास निम्म्या स्त्रिया निघाल्या.

अर्थात सगळे श्रेय टीव्ही नसण्याला देणे घाईचे होईल. गेम बॉयसोबत अमेरिकेत टेट्रिस हा खेळ मिळत असे, आणि तो कोणालाही आवडण्यासारखा होता. खेळाच्या प्रकाराने किती फरक पडतो हे पाहायचे असेल तर क्वांटिक फाउंड्री या संस्थेचे २०१७ चे निष्कर्ष वाचा. त्यांच्या पाहणीत जुळवाजुळवीच्या आणि शेती-कुटुंबाच्या खेळांत प्रत्येकी ६९ टक्के स्त्रिया आढळल्या, गोळीबाराच्या खेळांत ७ टक्के, आणि क्रीडाप्रकारांच्या खेळांत अवघ्या २ टक्के. ही पाहणी स्वतःहून उत्तरे देणाऱ्यांची आहे, सबंध समाजाची नाही, पण प्रकारांतील अंतर दुर्लक्ष करण्याइतके लहान नाही. आता मामांच्या दुकानातील काचेच्या कपाटात कोणते खेळ मांडलेले आहेत ते एकदा पाहून या. फुटबॉल, क्रिकेट, मोटारी आणि बंदुका असतील, तर त्या कपाटासमोर बायका का थांबत नाहीत, याचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

प्रश्नकर्ती : वाणिज्य_तिसरे_वर्ष

कपाट पाहून आले. फुटबॉल, मोटारी, बंदुका, कुस्ती. शेतीचा एकच खेळ होता आणि तो खालच्या फळीवर, चार्जरच्या खोक्यांमागे. मामांना तो वर मांडायला सांगितला आहे.

प्रकल्पाचे शीर्षक आता मी बदलले आहे आणि सरांचीही त्याला मान्यता मिळाली. जुनी वही ‘दुकानात आलेली व्यक्ती’ या नावाने तशीच ठेवणार आहे आणि तिच्या जोडीला नवी प्रश्नावली केली आहे : पैसे कोणाचे, निर्णय कोणाचा, खाते कोणाच्या नावाने, घरात टीव्ही किती, आणि कोण कोण किती वेळ खेळणार. वयांची सरासरी काढलेली नाही. काल रविवारी पहिली प्रश्नावली भरून घेतली. चाळिशीतल्या त्या गृहस्थांनी पहिली तीन उत्तरे भराभर लिहिली, शेवटच्या प्रश्नाशी थांबले, आणि बाहेर जाऊन घरी फोन लावला.