मदत हवी आहे : जावामध्ये चिन्हरहित बाइट कसे हाताळावेत?
नमस्कार. एका उपकरणाकडून येणारी माहिती वाचण्यासाठी मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम लिहीत आहे. उपकरण प्रत्येक बाइट (आठ बिटांचा गट) चिन्हरहित, म्हणजे ऋण किंमत नसलेला, ० ते २५५ या मर्यादेत पाठवते, परंतु जावातील बाइट हा प्रकार −१२८ ते १२७ एवढ्याच किमती मानतो. त्यामुळे २०० ही किंमत −५६ म्हणून समोर येते. बिट तेच राहतात, केवळ त्यांचा अर्थ बदलतो, आणि २५५ शी बिटवाइज अँड केल्यास (म्हणजे मास्क लावून फक्त खालचे आठ बिट ठेवल्यास) किंवा जावा ८ मध्ये आलेली ‘टू-अनसाइन्ड-इंट’ ही मेथड वापरल्यास योग्य पूर्णांक मिळतो, इथवर शंका नाही.

प्रश्न शिफ्टचा, म्हणजे बिट सरकवण्याचा, आहे. २४० या बाइटचे वरचे चार बिट काढण्यासाठी मी तिहेरी बाणाचा (>>>) चिन्हरहित राइट शिफ्ट वापरला, तर १५ ऐवजी २६८४३५४५५ हे उत्तर आले. शिफ्टपूर्वीच बाइटचे इंट या ३२ बिटांच्या पूर्णांक प्रकारात रूपांतर होऊन डावीकडच्या बिटांत १ भरले जातात, असे माझे अनुमान आहे. ते बरोबर आहे का? तसे असल्यास या तिहेरी बाणाचा बाइटसाठी काहीच उपयोग उरत नाही, हे मला विचित्र वाटते.

शिवाय, सर्व माहिती इंटच्या ॲरेमध्ये (एकाच प्रकारच्या किमतींच्या क्रमवार यादीत) ठेवली तर चौपट मेमरी लागते, आणि बाइटचाच ॲरे ठेवला तर प्रत्येक वाचनाच्या वेळी मास्क लावण्याचे भान ठेवावे लागते. मोठ्या प्रकल्पांत अनुभवी मंडळी यांपैकी कोणता मार्ग निवडतात, आणि का, हे कृपया सांगावे.