म्हशीच्या दुधातील प्रोजेस्टेरॉन : आरआयए की एलायझा?

प्रश्न : कोल्हापुरातील गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर येणाऱ्या पंढरपुरी म्हशींचा मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा माज) दुधातील प्रोजेस्टेरॉन या प्रजननाच्या हार्मोनवरून ओळखण्याचा माझा विचार आहे. यासाठी आरआयए (किरणोत्सारी खूण वापरून हार्मोन मोजणारी चाचणी) आणि एलायझा (विकरामुळे येणाऱ्या रंगावरून मोजणारी चाचणी) यांपैकी कोणती पद्धत निवडावी?

उत्तर १ : आरआयए संवेदनशील आहे, पण त्यातील किरणोत्सारी आयोडीन-१२५ चे अर्धायुष्य सुमारे ६० दिवसांचेच असल्याने संच लवकर निकामी होतो, शिवाय परवाना लागतो. एलायझाला प्लेट रीडर (रंगाची तीव्रता मोजणारे यंत्र) पुरतो. खरी मेख दुधातच आहे : हे हार्मोन स्निग्धांशात विरघळते आणि शेवटची धार अधिक स्निग्ध असते, त्यामुळे एका म्हशीची पहिली आणि दुसरीची शेवटची धार घेतलीत, तर पद्धत कोणतीही असो, तुलना फसेल.

उत्तर २ : दोन्ही पद्धती प्रमाण सांगतात, सक्रियता नव्हे, कारण चाचणीत हार्मोनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला रेणूची ठेवण कळते, त्याचे काम नाही. सक्रियता मोजणारी चाचणी वेगळी असते : एफएसएच या अंडाशयावर काम करणाऱ्या दुसऱ्या हार्मोनसाठीची १९५३ची स्टीलमन-पोहली चाचणी अपक्व मादी उंदरांच्या अंडाशयाचे वाढलेले वजन पाहते. ती वेळखाऊ आहे आणि आपल्या कामाला तिची गरज नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. एलायझाच घेते. गवळीकाका शेवटची धार वासराला सोडतात, तेव्हा नमुना मधल्या धारेचाच ठरवावा लागेल.