मदत हवी आहे: नवशिक्यांच्या राइडसाठी रस्ता आणि जुन्या ट्यूबा
मंडळी, सोलापुरात आमच्या पेठेतल्या सायकल दुकानाचे काका रविवारी पहाटे नवशिक्यांना राइडला नेतात. पैसे घेत नाहीत, उलट पंप आणि पाने घेऊन स्वतः सगळ्यांच्या मागे राहतात. आतापर्यंत हिप्परग्याच्या तलावापर्यंत जायचो, पण तुळजापूर रोडवर ट्रक फार. शाळकरी पोरं सोबत असली की जीव खालीवर होतो.

बार्शी रोडने नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे कुणी सायकलने जातं का? पहाटे रहदारी कशी असते? कडेला बाभळी किती? (काट्यांनी टायरची पार चाळण होते.) ऊन तापायच्या आत परतायचंय.

शिवाय काकांना पोरांना पंक्चर काढायला शिकवायचंय. सरावासाठी जुन्या ट्यूबा हव्यात, फाटक्याही चालतील. कुणाकडे पडल्या असतील तर कळवा, घ्यायला मी येतो.