मदत हवी आहे: एचआयव्हीचे दोन्ही एलटीआर सारखेच, मग प्रमोटरचं काम एकच काहून करते?

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातली, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून राहिली. सेमिनारले एचआयव्हीचा प्रमोटर (डीएनएतला जिथून आरएनए बनणं सुरू होते तो भाग) हा विषय भेटला, आमच्या लायब्ररीतलं पुस्तक जुनं आहे आणि त्यात हे सगळं दीड पानात उरकलं म्हणून इथं विचारून राहिली.

मार्कांपुरतं नाही, खरंच समजून घ्यायचं आहे. माझी आई आशा वर्कर आहे, तिले लोक विचारतात की आम्ही रोज गोळी घेतो, रिपोर्टमध्ये व्हायरस दिसत नाही, मग गोळी बंद काहून नाही करायची? आई सांगते बंद केली की तो परत येते, पण परत येते म्हणजे कुठून येते हे तिलेही कोणी सांगितलं नाही, आणि मले वाटून राहिलं की याचं उत्तर या प्रमोटरमध्येच आहे.

मले इतकं समजलं: व्हायरस आपल्या आरएनएचा डीएनए करते, तो सीडी४ पेशीच्या (रोगाशी लढणाऱ्या टी पेशीच्या) डीएनएत जाऊन बसते, त्याच्या दोन्ही टोकांले एलटीआर म्हणजे साधारण ६३० अक्षरांचा तुकडा, त्यात यू३, आर, यू५ असे भाग. यू३ मध्ये टाटा बॉक्स (आरएनए बनवणारी यंत्रणा बसायची जागा), त्याच्या मागं एसपी१ या पेशीतल्या प्रोटीनच्या बसायच्या तीन जागा, त्याच्याही मागं एनएफ-कप्पा-बी या दुसऱ्या प्रोटीनच्या दोन. आर जिथं सुरू होते तिथून आरएनए बनते.

अडलं इथं की दोन्ही एलटीआर अक्षर न् अक्षर सारखे, मग डावीकडचाच सुरुवात आणि उजवीकडचा फक्त शेवट करते हे ठरवते कोण? आणि दुसरं, टॅट प्रोटीन नसलं तर ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) पुढं जात नाही म्हणतात, पण टॅट तर व्हायरसच्याच जीनमधून बनते, मग पहिला टॅट आला कुठून??

वर्धेकर:
ताई, डावीकडून निघालेलं पॉलिमरेज (आरएनए बनवणारं एन्झाइम) नऊ हजार अक्षरं पार करून उजव्या एलटीआरवरूनच धावत जाते, त्या रहदारीत तिथं प्रमोटरवर बसणारे प्रोटीन टिकूच शकत नाहीत. प्रयोगात डावा काढून टाकला तर उजवा जागा होते, म्हणजे ताकद त्याच्यात आहेच, ती दाबलेली असते. शेवट करायचा पॉली-ए सिग्नलही दोघांत आहे, पण डावीकडं त्याच्या थोडं पुढंच मुख्य स्प्लाइस डोनर (आरएनए कापायची जागा) आहे, त्यावर पेशीतला यू१ एसएनआरएनपी बसते आणि तो सिग्नल दाबून ठेवते.

टॅटचं म्हणशील तर प्रमोटर टॅटशिवाय पूर्ण बंद नसते. पॉलिमरेज निघते, पण थोडं जाऊन अडकते, एनईएलएफ आणि डीएसआयएफ हे पेशीतले प्रोटीन त्याले धरून ठेवतात, म्हणून नुसते तोकडे आरएनए पडतात. त्यातून एखादं पूर्ण लांबीचं सुटते आणि त्याचा जरासा टॅट बनते. आरएनएच्या सुरुवातीलाच ५९ अक्षरांची टार नावाची हेअरपिन (आरएनए दुमडून झालेला आकडा) असते, टॅट तिले धरते आणि पी-टीईएफबी म्हणजे सायक्लिन टी१ व सीडीके९ ची जोडी घेऊन येते, सीडीके९ पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट लावते की अडथळा गेला, आरएनए वाढला, टॅट आणखी वाढला. विहिरीवरच्या पंपात आधी बादलीभर पाणी टाकावं लागते ना, मग तो धो धो ओढते, तसंच हे.

धागाकर्ती:
भाऊ लय धन्यवाद, टॅटचं आता क्लिअर झालं. पण आईच्या प्रश्नाचं काय?

वर्धेकर:
ते तर यातूनच निघते. आराम करत असलेल्या मेमरी टी पेशीत एनएफ-कप्पा-बी केंद्रकाच्या बाहेर अडकवून ठेवलेला असते, सायक्लिन टी१ कमी असते, आणि जिथून आरएनए सुरू व्हायचा त्याच्या लगेच पुढं एक न्यूक्लिओसोम (प्रोटीनभोवती गुंडाळलेल्या डीएनएचा गठ्ठा) घट्ट बसलेला. म्हणून प्रोव्हायरस, म्हणजे डीएनएत बसलेला व्हायरस, चूप पडून राहते, वर्षानुवर्षं. आता गोळी पाहा: टेनोफोविर आणि लॅमिव्हुडीन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम) अडवतात, डोल्युटेग्राविर इंटिग्रेज (तो डीएनए पेशीच्या डीएनएत बसवणारं एन्झाइम) अडवते, म्हणजे तिघांचंही काम व्हायरस डीएनएत बसायच्या आधीचं, बसलेल्याच्या एलटीआरले त्यातलं एकही औषध हात लावत नाही. नव्या पेशी वाचतात, म्हणून रिपोर्टमध्ये दिसत नाही. गोळी बंद केली आणि एखादी झोपलेली पेशी जागी झाली की एनएफ-कप्पा-बी आत येते, टॅट बनते आणि बहुतेकांत काही आठवड्यांतच व्हायरस परत दिसते. आईले हेही सांग की नियमित गोळी घेऊन व्हायरस दिसेनासा झालेला माणूस लैंगिक संबंधातून दुसऱ्याले देत नाही, हे लोकांले माहीतच नसते आणि संसार मोडतात त्यापायी.

नागपूर_लॅब:
एक महत्त्वाचं राहिलं. एनएफ-कप्पा-बी च्या दोन जागा हे सबटाइप बी चं (एचआयव्हीच्या एका उपप्रकाराचं) चित्र आहे, अमेरिका-युरोपातलं. आपल्याकडे बहुतेक सगळा सबटाइप सी, त्यात साधारणपणे तीन जागा असतात, आणि चार जागा असलेले भारतातले विषाणू बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या गटाने दाखवलेत, त्यांचा प्रमोटर जास्त जोरकस निघाला. व्होरिनोस्टॅट हे औषध देऊन झोपलेला एलटीआर मुद्दाम जागा करून पाहिलाय, आरएनए वाढला पण झोपलेल्या पेशींचा साठा काही घटला नाही, हेही सेमिनारमध्ये घे. आकृती काढशील तेव्हा पुस्तकातली उतरवू नकोस, तीन जागा दाखव आणि खाली सबटाइप सी लिही.