घामातलं सोडियम मोजणारी पट्टी: आकडा वर का सरकतो?

सातारी_सर्किट: यवतेश्वर घाट धावत चढणाऱ्यांसाठी सोडियम पट्टी करतोय. टेबलावर १० आणि १०० मिलिमोलर मिठाच्या द्रावणात ५६ मिलिव्होल्टचा फरक येतो. दंडावर मात्र २० मिनिटांत आकडा दुप्पट! दोष सेन्सरचा की घामाचा?

मिलिव्होल्ट: उतार (दहापट सोडियममागे येणारा मिलिव्होल्टचा फरक) चांगलाय, २५ अंशांना आदर्श ५९. पण दुप्पट म्हणजे जेमतेम १८ मिलिव्होल्ट. एवढं तर रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो, तो स्थिर राहायला हवा) एकटाच घसरवतो. ५६ मोजताना रेफरन्स पट्टीवरचा होता की काचेच्या नळीतला वेगळा? पट्टीवरचं उघडं सिल्व्हर क्लोराईड असतं तर मिठातल्या क्लोराईडचीही भर पडून ११०च्या पुढे गेला असता.

सातारी_सर्किट: काचेच्या नळीतला. पट्टीवरचा उघडाच आहे.

मिलिव्होल्ट: मग सापडलं की! उघड्या रेफरन्सवर थर हवा: १ मिली मिथेनॉलमध्ये ७९ मिलिग्रॅम पीव्हीबी (पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, एक प्लास्टिक), ५० मिलिग्रॅम मीठ. त्यावर थेंबभर टाकून रात्रभर वाळवा. मग पट्टी १०० मिलिमोलरमध्ये (लिटरला ५.८४ ग्रॅम मीठ) रात्रभर बुडवा. घाई केलीत तर पुन्हा सरकणार.

कृष्णाकाठ: सगळा दोष पट्टीवर ढकलू नका. चढ लागला की घामाचा वेग वाढतो, घामग्रंथीच्या नलिकेत सोडियम परत शोषायला वेळ मिळत नाही, म्हणून घाम खरोखरच खारट होतो. शिवाय पट्टीच्या कडेनं बाष्पीभवन झालं की साचलेला घाम आटतो. जुना घाम बाहेर जायला बारीक वाट ठेवा. धावून आल्यावर त्याच दोन द्रावणांत पट्टी पुन्हा तपासा. २-३ मिलिव्होल्टच हलली असेल तर वाढ घामाची.