जाहिरात राहू दे, तिचं हलणं तेवढं थांबवता येतं का?

पानवाचक: लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये बातम्या वाचताना उजवीकडे जाहिरात लुकलुकत असते. बघायचं नाही म्हटलं तरी नजर तिकडे जाते आणि ओळ हरवते. असं का होतं? साइटला जाहिरातीचे पैसे मिळू देत, त्यामुळे ॲड-ब्लॉकर नको. फक्त हालचाल बंद करायची आहे.

तिरपी_नजर: यात एकाग्रतेचा दोष नाही. अक्षरं नीट दिसतात ती नजरेच्या मध्यावरच्या साधारण २ अंशांत, म्हणजे हात लांब धरल्यावर अंगठा जेवढा रुंद दिसतो तेवढ्यातच. कडेचा भाग धूसर दिसतो, पण हालचाल टिपण्यात तो तरबेज असतो. वाचताना नजर एका जागी जेमतेम पाव सेकंद टेकते आणि पुढे उडी घेते. त्याच वेळी कडेला काही चमकलं की उडी तिकडे पडते. आपण ठरवायच्या आत. परत आल्यावर ओळ शोधा, अर्धं वाक्य पुन्हा वाचा. स्थिर चित्र दोन मिनिटांत अंगवळणी पडतं, लुकलुकणारं पडत नाही.

खटपट्या: ॲड्रेस बारमध्ये अबाउट:कॉन्फिग (हे आणि पुढचे शब्दही इंग्रजी अक्षरांत) टाइप करा, म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्ज उघडतील, इशारा येईल तो स्वीकारा. मग इमेज.ॲनिमेशन_मोड शोधा. तिथे 'नॉर्मल' असेल, त्याजागी 'वन्स' लिहा. जीआयएफ (हलत्या चित्राची फाइल) एकदा चालून थांबेल. 'नन' लिहिलंत तर हलणारच नाही, पण काही जाहिरातींची पहिली फ्रेम कोरी असते, मग नुसता पांढरा चौकोन दिसतो. 'वन्स'च बरं.

पानवाचक: केलं. दोन थांबल्या, एक अजून नाचतेय.

खटपट्या: ती जीआयएफ नसणार. व्हिडिओ असेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात ऑटोप्ले शोधा आणि 'ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही अडवा' निवडा. मुळात फक्त आवाजवाले व्हिडिओ अडवलेले असतात, मुके सुटतात. एचटीएमएल५ची, म्हणजे वेबपानाच्या कोडने हलणारी जाहिरात असेल तर मात्र पंचाईत. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत ॲनिमेशन इफेक्ट्स बंद करता येतात, पण ती नुसती विनंती. जाहिरात बनवणाऱ्याने मानली तर मानली. उरतो रीडर व्ह्यू, म्हणजे पानातला फक्त लेख दाखवणारी सोय, विंडोजवर एफ९. त्यात जाहिराती दिसत नाहीत, पण पान आधी उघडलेलं असतं, म्हणजे त्या लोड झालेल्या असतात.

नियमबुक: साइटवाल्यांसाठी: डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, त्यातला २.२.२ हा निकष सांगतो की मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय हवी. गूगल ॲड्सच्या नियमाप्रमाणे हलती चित्र-जाहिरात ३० सेकंदांत थांबायला हवी. मग ती थांबत का नाही? बऱ्याच साइट ती जागा ठरावीक वेळाने रिफ्रेश करतात. नवी जाहिरात, की पुन्हा नवे ३० सेकंद! लांब लेखांच्या पानांवर तरी हे रिफ्रेश बंद ठेवा.