जपानमध्ये दर्याचा मुख्य देव कोण?

समिधा_कोबे

नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मुलांच्या रविवारच्या वर्गात मी गोष्टी सांगते. या वेळी जपानी समुद्रदेव घ्यायचे ठरवले, पण वाचायला बसले आणि डोकं गरगरलं. वातात्सुमी समुद्राचा देव, र्‍यूजिन समुद्राचा देव, सुमियोशीचे तिघे, मुनाकाताच्या तिघी बहिणी, शिवाय एबिसू आणि कोंपिरा! मुलं पहिल्या झटक्यात विचारणार, "यातला मुख्य कोण?" काय सांगू? आणि त्यांना दाखवता येईल असं जवळपास काही आहे का?

दर्यावर्दी_गुहागर

समिधाताई, मी जहाजावर इंजिनिअर होतो, आता निवृत्त. ओसाका, कोबे, मिझुशिमा ही बंदरं नोकरीत पुष्कळदा झाली आणि सुट्टी मिळाली की मी देवळं बघायला निघायचो. माझं मत सांगतो. तिकडे मुख्य-दुय्यम लावत बसू नका. समुद्रावर कोण निघालंय आणि कशासाठी, ते विचारा. त्याचा देव आपोआप कळतो.

खोल पाण्याचा धनी वातात्सुमी. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचे सुमियोशी. मासे धरणाऱ्यांचा एबिसू. मालाची ने-आण करणाऱ्या खलाशांचा कोंपिरा. आणि प्रत्येक होडीची स्वतःची देवी असते, फुनादामा. होडी बांधणारा सुतार डोलकाठीच्या बुडाशी खोबण करून त्यात बाईचे केस, फासे, नाणी, छोट्या बाहुल्या ठेवायचा आणि वरून बंद करायचा. ज्याचा जीव एका फळीवर अवलंबून आहे त्याला देव त्या फळीतच हवा. मला हे फार पटतं.

ओसाकाचं सुमियोशी ताइशा मुलांना दाखवाच. चार मंदिरं आहेत, त्यातली तीन एकामागे एक, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. पूर्वी समोर समुद्र होता; भराव पडत गेला आणि पाणी लांब गेलं, देव मात्र अजून तिकडेच बघतात. चीनला जाणारे राजदूत इथे प्रार्थना करून निघायचे. आवारात सुमारे ६०० दगडी दिवे आहेत, बरेचसे व्यापाऱ्यांनी आणि जहाजवाल्यांनी वाहिलेले. कुठल्या प्रांताच्या, कुठल्या धंद्याच्या लोकांनी दिला, ते दिव्यावर कोरलेलं असतं. मी त्या दिव्यांमध्ये तास तास फिरलोय.

कोंपिराचं देऊळ शिकोकू बेटावर, कोतोहिराला. ७८५ पायऱ्या चढून जायचं. वाटेत जहाजबांधणी कंपनीने वाहिलेला भलामोठा प्रोपेलर उभा आहे. जन्म इंजिनरूममध्ये गेलेल्या माणसाचे हात तिथे आपसूक जोडले जातात. ज्यांना पायऱ्या चढायला येणं जमायचं नाही ते खलाशी पिंपात साके (तांदळाची दारू) किंवा पैसे घालून, वर कोंपिराच्या नावाचं निशाण लावून पिंप समुद्रात सोडायचे. ज्याला सापडेल त्याने ते देवळात पोचवायचं. अनोळखी माणसाचा नवस आपण फेडायचा! मुलांना हे सांगाच.

अपर्णा_पुणे

काकांनी सगळं सांगितलं, मी गोष्ट देते. 'कोजिकी' या जुन्या जपानी ग्रंथातली (इ.स. ७१२) गळाची. मुलांना हमखास आवडते.

दोघे भाऊ. थोरला होदेरी मासे धरतो, धाकटा होओरी शिकार करतो. एकदा साधनं अदलाबदल करतात आणि धाकट्याच्या हातून गळ समुद्रात जातो. तो आपली तलवार मोडून ५०० गळ करतो, मग १०००. थोरला म्हणतो, माझा तोच आण. रडत किनाऱ्यावर बसलेल्या होओरीला एक म्हातारा देव घट्ट विणलेल्या होडीत बसवून वातात्सुमीच्या महालात धाडतो. तिथे राजकन्या तोयोतामाहिमेशी त्याचं लग्न होतं, तीन वर्षं सुखात जातात आणि एके रात्री तो सुस्कारा सोडतो. हरवलेल्या गळाची हकीकत कळते तेव्हा वातात्सुमी सगळ्या माशांना बोलावतो. ताइ माशाच्या घशात काहीतरी अडकून त्याला खाता येत नाही म्हणे! गळ तिथेच निघतो. सासरा जावयाला दोन रत्नं देतो, एक भरती आणणारं, एक ओहोटी आणणारं.

पुढे राजकन्या बाळंतपणाला किनाऱ्यावर येते. पाणकावळ्याच्या पिसांनी झोपडी शाकारायचं काम पुरं व्हायच्या आत वेणा सुरू होतात. "बघू नकोस" म्हणते, आणि नवरा बघतो. आत प्रचंड जलचर तडफडत असतो. ती बाळ ठेवून निघून जाते आणि समुद्रातली वाट बंद करते. बाळाला तिची बहीण वाढवते, आणि जपानचा पहिला सम्राट जिम्मू हा त्याच बाळाचा मुलगा. म्हणजे राजघराण्याचं आजोळ समुद्रात!

वैभव_राजापूर

आपला वरुण तिकडे पोचला का?

दर्यावर्दी_गुहागर

पोचला, बौद्ध धर्माबरोबर. तिकडे त्याचं नाव सुइतेन. तोक्योच्या सुइतेनगूत गरोदर बायका सुखरूप सुटकेसाठी जातात. तिथे आंतोकू या बालसम्राटालाही पूजतात. ११८५ साली दान्नोउराच्या लढाईत आजीने त्याला कवेत घेऊन समुद्रात उडी टाकली.

सरस्वतीही गेली, बेन्झाइतेन होऊन, हातात बिवा हे तंतुवाद्य घेऊन. मुनाकाताच्या बहिणींतल्या इचिकिशिमाहिमेशी लोकांनी तिला एकरूप मानलं. मियाजिमा बेटापाशी पाण्यात तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, उभी आहे ना, ते त्या बहिणींचंच स्थान. तिथली बेन्झाइतेन आता शेजारच्या दाइगान्जी या बौद्ध मंदिरात आहे, कारण १८६८ नंतर सरकारने शिंतो (जपानचा मूळ धर्म) आणि बौद्ध देवस्थानं वेगळी केली.

समिधा_कोबे

काका, अपर्णा, मनापासून आभार! गळाची गोष्ट पक्की. एबिसूचं निशिनोमियाचं देऊळ तर शेजारीच आहे. जानेवारीत तिथे मोठा गोठवलेला ट्यूना ठेवतात आणि लोक त्याला नाणी चिकटवतात, तो मुलांनी पाहिलाय. आता एकच. सुट्टीत क्यूशूला जाणार आहोत. मुनाकाताच्या ओकिनोशिमा बेटावर जाता येईल?

दर्यावर्दी_गुहागर

नाही. बायकांना तिथे पूर्वीपासून मनाई. पुरुषांना वर्षातून एक दिवस, २७ मे, समुद्रात स्नान करून उतरू द्यायचे. २०१८ पासून तेही बंद. चौथ्या ते नवव्या शतकापर्यंत प्रवासाच्या सुरक्षेसाठी वाहिलेल्या सुमारे ८०,००० वस्तू तिथे सापडल्या, इराणी काचेच्या भांड्याचा तुकडासुद्धा. त्या आता मुनाकाताच्या मुख्य देवस्थानाच्या संग्रहालयात आहेत, तिथे आधी जा. मग कोनोमिनातोहून फेरीने ओशिमाला उतरा. मधल्या बहिणीचं देऊळ तिथेच आहे, आणि बेटाच्या उत्तर टोकाला लांबूनच पूजा करण्यासाठी एक छोटं देऊळ बांधलंय. हवा स्वच्छ असेल तर तिथून ओकिनोशिमा दिसतं. परतीची फेरी किती वाजता आहे ते उतरतानाच बघून ठेवा, फेऱ्या फार नसतात.